पातापॉन कसा खेळावा: चार ढोल, तीन तुकड्या आणि एक आवर्तन पुढचा विचार

पातापॉन या तालावर चालणाऱ्या व्हिडिओ गेममध्ये सैनिक तुमच्या बोटांनी हलत नाहीत. तुम्ही ढोल वाजवायचा, त्यांनी तो ऐकायचा, आणि मग चालायचं, लढायचं किंवा ढाली सावरायच्या. पडद्यावर काळ्या सावल्यांसारखे, एकाच मोठ्या डोळ्याचे योद्धे उभे असतात. तुम्ही त्यांचे देव, पण तुमच्या हातात दैवी असं काही नसतं. चार ढोल असतात, बस. या ढोलांवर त्यांना 'अर्थएंड' नावाच्या जगाच्या टोकापर्यंत न्यायचं, वाटेत झिगोटॉन नावाच्या शत्रूंशी आणि अवाढव्य राक्षसांशी गाठ पडणार, एवढी पहिल्या भागाची कथा पुरे.

खेळ अवघड वाटतो तो तालामुळे, असं नवख्यांना वाटतं. माझं मत वेगळं आहे. ताल दोन-तीन बैठकांत हाताला बसतो. खरी अडचण अशी की तुम्ही दिलेला हुकूम उशिरा अमलात येतो आणि तोवर रणांगण बदललेलं असतं. त्यामुळे हा खेळ शिकणं म्हणजे आधी ताल इतका मुरवणं की त्याकडे लक्षच द्यावं लागू नये, आणि मग मोकळं झालेलं डोकं पुढच्या हुकमाला लावणं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

कोणता भाग घ्यायचा

पहिला पातापॉन सोनीच्या पीएसपी या हातातल्या यंत्रासाठी डिसेंबर 2007 मध्ये जपानमध्ये आणि फेब्रुवारी 2008 मध्ये युरोप-अमेरिकेत आला. संकल्पना हिरोयुकी कोतानी यांची, ती डोळेवाली पात्रं रोलितो या फ्रेंच चित्रकाराची, आणि निर्मिती पिरॅमिड व सोनीचा जपान स्टुडिओ यांची. दुसरा भाग जपानमध्ये 2008 च्या अखेरीस आणि इतरत्र 2009 मध्ये आला, तिसरा 2011 मध्ये. पुढे पहिल्या दोन भागांच्या सुधारित आवृत्त्या पीएस4 वर 2017 आणि 2020 मध्ये निघाल्या. जुलै 2025 मध्ये बांदाई नामकोने हेच दोन भाग एकत्र करून स्विच, पीएस5 आणि पीसीसाठी 'पातापॉन 1+2 रिप्ले' या नावाने काढले.

आज सुरुवात करायची तर रिप्ले घ्या. त्यात काठिण्यपातळी निवडता येते, हुकमांची यादी पडद्यावर कायम ठेवता येते, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ठोक्याची वेळ पुढे-मागे जुळवता येते. जुनं पीएसपी चालू स्थितीत हाताशी असेल तर तेही उत्तमच. हा खेळ त्याच्या छोट्या पडद्यासाठी आणि त्याच्याच बटणांसाठी बांधला होता, त्यामुळे तिथे बटण आणि आवाज यांत अंतर जाणवत नाही. कोणत्याही यंत्रावर पहिल्या भागापासूनच सुरू करा. दुसरा जास्त भरगच्च आहे, पण शिकवतो पहिलाच.

आधी आवाज नीट करा

ही पायरी लोक गाळतात आणि मग आपल्याला ताल कळत नाही असं समजून खेळ सोडतात. पातापॉनचा ठोका साधारण अर्ध्या सेकंदाला एक पडतो. ब्लूटूथ हेडफोनमधून आवाज यायला 100 ते 200 मिलिसेकंद सहज लागतात. म्हणजे ठोक्याचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त वेळ हवेतच गेला. कानाला योग्य वाटणारा तुमचा ठोका खेळाच्या हिशेबाने उशिराचा ठरतो, आणि कितीही सराव केला तरी तो उशिराचाच राहतो. तेव्हा वायरचे हेडफोन लावा किंवा यंत्राच्याच स्पीकरवर खेळा.

मोठ्या टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा. चित्र सुधारण्याच्या नादात टीव्ही चित्र आणि आवाज दोन्ही उशिरा दाखवतात. पीएस4 वरच्या पहिल्या भागाबद्दल अनेक खेळाडूंनी जी नाराजी व्यक्त केली, ती नेमकी या उशिराबद्दल होती. रिप्लेमध्ये वेळ जुळवताना पडद्याकडे न बघता फक्त ऐकून ठोके द्या, आणि हेडफोन बदलले की पुन्हा जुळवा.

चार ढोल

पीएसपीवर चौकोनाचं बटण म्हणजे पाता, गोलाचं पॉन, त्रिकोणाचं चाका आणि फुलीचं डॉन. बटणावरच्या खुणेपेक्षा जागा लक्षात ठेवा: डावीकडे पाता, उजवीकडे पॉन, वर चाका, खाली डॉन. वेगळ्या खुणांचा कंट्रोलर हातात आला तरी मग गोंधळ होत नाही. सुरुवातीला चारही ढोल मिळत नाहीत. ते कथेबरोबर एकेक हाती येतात, आणि ते बरंच आहे.

मुख्य हुकूम असे:

पाता-पाता-पाता-पॉन: पुढे चला.
पॉन-पॉन-पाता-पॉन: हल्ला.
चाका-चाका-पाता-पॉन: बचाव.
पॉन-पाता-पॉन-पाता: मागे पळा.
पॉन-पॉन-चाका-चाका: जोर साठवा.
डॉन-डॉन-चाका-चाका: उडी. ही दुसऱ्या भागात लागते.

याखेरीज डॉनचा एक वेगळा हुकूम आहे, त्याच्याकडे नंतर येऊ.

हुकूम पाठ करताना बटणांचा क्रम घोकू नका. तोंडाने म्हणा. बोल म्हणून पाठ झाले की बोटं आपोआप मागे येतात, आणि हल्ल्याच्या गडबडीत डोक्याला आठवतात तेही बोलच. मोठ्याने म्हणायची लाज वाटत असेल तर पुटपुटा.

आठ मात्रांचं आवर्तन

आता या खेळाचा कणा. एक आवर्तन आठ मात्रांचं. पहिल्या चार मात्रा तुमच्या, पुढच्या चार त्यांच्या. तुम्ही चार ठोके दिले की पातापॉन, म्हणजे तुमचे सैनिक, तेच बोल गात ती कृती करतात. त्यांचं गाणं चालू असताना तुम्ही गप्प राहायचं. गाणं संपलं की लगेच, एकही मात्रा न सोडता, तुमचा पुढचा हुकूम सुरू.

नवखा खेळाडू इथे दोन प्रकारे अडकतो. पहिला प्रकार घाईचा: शत्रू अंगावर येताना पाहून तो सैन्य गात असतानाच बटणं दाबतो, आणि सलग हुकमांची साखळी तुटते. दुसरा प्रकार जास्त फसवा. हुकूम बरोबर लागला, सैन्य हललं, ते बघण्यात तो रमतो आणि पुढची पहिली मात्रा निसटते. दोन्हींवर इलाज एकच. त्यांच्या चार मात्रा मनात मोजत राहा. पाय हलवा, मान डोलवा, पण ती मोजणी थांबू देऊ नका.

पडद्याची कड प्रत्येक मात्रेला लुकलुकते. पहिल्या दिवशी तिची मदत घ्या, नंतर तिच्याकडे बघणं बंद करा, कारण नजर कडेला असेल तर रणांगणावर नसते. ठोका नेमका पडला की ढोलाचा आवाज भरदार येतो, घसरला की फिका येतो. कानाला हा फरक कळू लागला म्हणजे पडद्यावरच्या कुठल्याही खुणेची गरज उरत नाही. सरावासाठी पहिल्याच शिकारीच्या मैदानात जा, लढाईची चिंता सोडा, आणि डोळे मिटून नुसतं पाता-पाता-पाता-पॉन वाजवत सैन्य चालवत राहा. मग दोन हुकूम आलटून-पालटून द्या. हुकूम बदलताना लय डगमगली नाही की पुढची पायरी.

फीवर मिळवणं आणि टिकवणं

साखळी न तोडता हुकूम देत गेलात की सैन्य 'फीवर'मध्ये जातं. संगीत चढतं, गाणं बदलतं, आणि हल्ल्याचा जोर व पल्ला वाढतो. ठोके बरे-वाईट असले तरी दहाव्या सलग हुकमाच्या सुमारास फीवर येतो. ठोके नेमके असतील तर त्याच्या कितीतरी आधी. म्हणूनच लढाईच्या तोंडावर चार ठोके कसेबसे उरकण्यापेक्षा, शत्रू दिसायच्या आधी रिकाम्या वाटेवर ते जपून द्यावेत. शत्रूच्या पल्ल्यात पाऊल पडतं तेव्हा फीवर चालू असायला हवा.

टिकवायचा कसा? काहीच करायचं नसेल तेव्हाही काहीतरी वाजवून. थांबणं हा या खेळातला सगळ्यांत महाग हुकूम आहे, कारण त्याने साखळी जाते. पुढे जायचं नाही, हल्लाही करायचा नाही, अशा वेळी बचाव किंवा जोर साठवण्याचा हुकूम द्या. जागा सुटत नाही, लय सुटत नाही, आणि जोर साठवला असेल तर पुढचा हल्ला जास्त बसतो. जोर फक्त हल्ल्यासाठीच साठवायचा असं अनेकांना वाटतं. जोर साठवून बचाव दिला तर ढालवाल्यांचा बचावही कितीतरी भक्कम होतो, हे मोठ्या माऱ्यापुढे उपयोगी पडतं.

पॉनने सुरू करा

ही युक्ती मला या खेळातली सर्वांत मोलाची वाटते. वरची हुकमांची यादी पुन्हा पाहा. हल्ला, पळ आणि जोर हे तिन्ही हुकूम पॉनने सुरू होतात. चालणं पाताने आणि बचाव चाकाने. म्हणजे शत्रू पुढे काय करणार हे कळत नसेल तेव्हा पहिला ठोका पॉनचा दिलात तर तीन वाटा उघड्या राहतात. दुसऱ्या मात्रेपर्यंत त्याने पवित्रा घेतला? पाता वाजवा, हुकूम 'मागे पळा'चा होतो. तो शांतच आहे? पॉन वाजवा, आणि आता हल्ला की जोर हे तिसऱ्या मात्रेवर ठरवा.

उसंत मिळते ती एका ठोक्याची, फार तर दोन ठोक्यांची. पण राक्षसापुढे सैन्य वाचतं किंवा मरतं ते तेवढ्याच अंतरात. बचावासाठी मात्र ही सवलत नाही. चाकाने सुरू करायचं तर मन आधीच पक्कं हवं. म्हणून त्यांच्या गाण्याच्या चार मात्रांचा उपयोग विचारासाठी करा: पहिल्या दोनांत पडदा बघा, तिसऱ्यात ठरवा, चौथ्यात बोट योग्य बटणावर न्या. हे आपोआप घडू लागलं की खेळ अचानक संथ वाटायला लागतो.

तुकड्या निवडताना

मोहिमेवर निशाणधारी हातापॉन आणि त्याच्यासोबत तीन तुकड्या जातात. हातापॉन लढत नाही, पण तो पडला की मोहीम संपली. ततेपॉन ढाल आणि तलवार घेऊन पुढे उभे राहतात. यारिपॉन भाला फेकतात, युमिपॉन मागून बाण सोडतात. किबापॉन घोडेस्वार आहेत, त्यांची खरी ताकद जोर साठवून दौड मारण्यात. डेकापॉन धिप्पाड आणि संथ, मेगापॉन कर्ण्यातून आवाजाचाच मारा करतात.

सुरुवातीला ततेपॉन, यारिपॉन, युमिपॉन ही जोडणी घ्या आणि बराच काळ बदलू नका. पुढे एक ढाल आणि मागे दोन पल्ले असले की जवळजवळ प्रत्येक मोहिमेत काही ना काही उत्तर हाती असतं. जोडणी बदलायची ती मोहीम बघून. शिकारीत ढालवाले फारसे कामाचे नाहीत, कारण प्राणी तुम्हाला मारत नाहीत, तुमच्यापासून पळतात. तिथे लांबून मारणारे हवेत, आणि जवळ जाण्याआधी जोर साठवून एकदम मारा करायचा. तटबंदी असेल तर फोडणारे दणकट हात लागतात, तिथे डेकापॉन न्या.

हवामान बघायला विसरू नका. वारा पाठीशी असेल तर बाण आणि भाले लांब जातात, समोरून असेल तर मध्येच पडतात. पावसात आगीचा प्रभाव ओसरतो. मैदानात पोचल्यावर वारा उलटा दिसला तर हट्ट करू नका, परत फिरा.

साहित्य, रेअरपॉन आणि कंटाळ्याची वाट

इथे जरा खरं बोलायला हवं. या मालिकेत तीच शिकार आणि तेच राक्षस पुन्हा पुन्हा करावे लागतात. कुणाला ते आवडतं, कुणाला नाही. शिकारीतून आणि लढायांतून दगड, लाकूड, हाडं, कातडी असं साहित्य मिळतं, आणि का-चिंग हे चलन मिळतं. मेटर नावाच्या जीवनवृक्षापाशी त्यातून सैनिक जन्माला येतात. साहित्य दुर्मिळ वापरलंत तर साध्या सैनिकाऐवजी रेअरपॉन मिळतो, ज्याचे गुण वेगळे आणि अंगबळ जास्त.

माझा सल्ला: दुर्मिळ साहित्य हाती आलं की लगेच उधळू नका. मधल्या दर्जाचे रेअरपॉन आधी ढालवाल्यांमध्ये करा, कारण ते टिकले तर मागचे टिकतात. उत्तम साहित्य मारा करणाऱ्या तुकडीसाठी राखून ठेवा. हरलेल्या राक्षसाला पुन्हा आव्हान देता येतं आणि दर वेळी तो जास्त बळकट होऊन येतो, पण मिळणारं साहित्यही सुधारतं. त्यामुळे अडलात तर पुढच्या मोहिमेवर डोकं आपटण्यापेक्षा मागच्या राक्षसाकडे दोन-तीन फेऱ्या मारणं जास्त फायद्याचं. पातापोलिस या तुमच्या तळावरचे छोटे तालाचे खेळही टाळू नका. तिथे कुणी मरत नाही, काहीतरी हाती लागतं, आणि कान तयार होतो.

मेलेल्यांबद्दल एक गोष्ट आधीच माहीत हवी. पहिल्या भागात सैनिक पडला की त्याची टोपी मैदानात राहते. ती उचलून आणलीत तर मेटरपाशी त्याला परत जिवंत करता येतं. त्यामुळे राक्षस मेल्यावर किंवा धोका टळल्यावर सगळं गोळा झालंय ना, हे बघत पुढे सरका. राक्षसाने गिळलेल्याची टोपीच मागे राहत नाही. महागडा रेअरपॉन असा गेला की जिव्हारी लागतं.

राक्षसांशी लढताना

पहिला मोठा राक्षस डोडोंगा. त्याच्यावर जे शिकाल ते पुढच्या सगळ्यांवर चालतं. प्रत्येक राक्षस हल्ल्याआधी अंगाची ठेवण बदलतो, आणि ठरावीक ठेवणीनंतर ठरावीक हल्ला येतो. पहिली लढत जिंकायची म्हणून लढू नका. साधे, स्वस्त सैनिक घेऊन जा आणि फक्त बघा: कोणत्या हालचालीनंतर आग येते, कोणत्या हालचालीनंतर तो गिळायला झेपावतो, त्या दोहोंमध्ये किती मात्रा जातात. आगीसारख्या हल्ल्याला बचाव किंवा पळ, गिळण्याला मात्र पळच.

पळण्याचा हुकूम दिल्यावर सैन्य मागे जातं आणि मग पुन्हा जागेवर येतं. त्यामुळे फार लवकर पळालात तर नेमके हल्ल्याच्या वेळी परत येऊन उभे राहाल. पवित्रा दिसला की लगेच नव्हे, त्याच्या वेळेचा हिशेब करून पळा. हल्ला संपल्यावर राक्षसाला सावरायला वेळ लागतो, तोच तुमच्या माऱ्याचा क्षण. एक जोर आणि एक हल्ला एवढं त्यात बसतं. लोभाने दुसरा हल्ला दिलात तर पुढच्या पवित्र्याला उत्तर द्यायला हात मोकळा नसतो.

वाळवंट आणि डॉनचा हुकूम

पहिल्या भागात वाळवंट ओलांडायची मोहीम येते आणि अनेकजण तिथे खेळ सोडतात. सैन्य उष्णतेनेच मरतं, लढाईची वेळही येत नाही. यातून वाट एकच, पावसाचा चमत्कार. तो आधी मिळवलेला असावा लागतो, आणि मोहिमेला निघण्यापूर्वी सोबत घ्यावा लागतो. मैदानात जाऊन आठवण झाली तर उपयोग नाही.

चमत्काराचा हुकूम डॉन, डॉनडॉन, डॉनडॉन. चार मात्रांत पाच ठोके, म्हणजे काही ठोके मात्रांच्या मधे पडतात. चौकोनी लयीला सरावलेली बोटं इथे हमखास घसरतात. शिवाय तो फीवरमध्येच चालतो, त्यामुळे घसरलात तर आधी पुन्हा फीवर मिळवावा लागतो, आणि तोवर ऊन थांबत नाही. म्हणून याचा सराव मोकळ्या, बिनधोक मैदानात करा. घाई करू नका, डॉनडॉन ही जोडी एका शब्दासारखी म्हणा. वाळवंटात पाऊल टाकण्याआधीच फीवर आणायचा आणि ऊन तापायला लागायच्या सुमारास चमत्कार करायचा.

पुढचे भाग

दुसऱ्या भागात ढोल तेच, आवर्तन तेच. नवं असं की तुमच्याकडे एक नायक पातापॉन असतो, जो पडला तरी परत येतो, आणि त्याची खास ताकद नेमक्या ठोक्यांनीच जागी होते. इथे आधी कमावलेला कान कामी येतो. पक्ष्यांवर बसणारे टोरिपॉन, रोबोपॉन, माहोपॉन अशा नव्या तुकड्या मिळतात, आणि सैनिकांचा विकास एका नकाशावर पायरीपायरीने करता येतो. पहिल्यापेक्षा ही पद्धत मला जास्त आवडते, कारण साहित्य कुठे खर्च होतंय ते दिसतं.

तिसरा भाग आधीच्या दोघांसारखा नाही. सैन्याऐवजी एक महानायक आणि त्याचे मोजके साथी, भरपूर हत्यारं, भरपूर फेऱ्या, जास्त आक्रमक संगीत. तो रिप्लेमध्ये नाही. सैन्य हाकण्यात तुम्हाला गंमत वाटली असेल तर तो कदाचित थोडा कोरडा वाटेल. हत्यारं जमवणं आवडत असेल तर उलट तोच सर्वांत जास्त काळ गुंतवून ठेवील. कोतानी आणि या मालिकेचे संगीतकार केम्मेई अदाची यांनी पुढे रॅटाटॅन हा याच धर्तीचा नवा खेळ हाती घेतला, ज्यासाठी 2023 मध्ये लोकवर्गणी उभी राहिली. 2025 मध्ये तो पीसीवर प्राथमिक रूपात आला. त्यात प्रत्येक फेरी नव्याने सुरू होते, त्यामुळे पहिले दोन भाग संपवल्यावरच तिकडे वळा.